मुंबईत नको, दोह्यात घ्या

प्रश्न : मी ६४ वर्षांची, यजमान ७१. आम्ही साताऱ्याला राहतो. ऑक्टोबरमध्ये पहिल्यांदाच मुलीकडे डॅलसला चाललो आहोत. मुंबईहून पहाटे चारच्या सुमाराला विमान आहे, मग दोह्याला सात तास थांबून पुढचं. यजमानांना मधुमेह आहे, गोळ्या जेवणाच्या वेळेला लागतात. गुडघे दुखतात म्हणून व्हीलचेअर सांगून ठेवली आहे. मुलगी म्हणते, ‘दोन्हीकडे लाउंज बुक करते. मुंबईचे दोघांचे पाच हजार आणि दोह्याचे दहा हजारांच्या आसपास होतील, तुम्ही आरामात बसा.’ हे ऐकल्यापासून घरात धुसफूस चालू आहे. ‘नुसतं बसायला पंधरा हजार? खुर्च्या तिथे फुकट असतात. आणि मुलीच्या पैशांनी मला काही खायचं नाही,’ असं यजमानांचं म्हणणं. शेजाऱ्यांचा मुलगा सांगतो की बँकेच्या कार्डावर दोन रुपयांत लाउंज मिळतं. खरं काय समजायचं? खरं सांगायचं तर आत काय असतं ते बघायची मला हौसही आहे. आणि परतीचंही आत्ताच बुक करून टाकावं का?
– एक वाचक, सातारा

ताई,

मुलीला आजच फोन करा आणि सांगा, मुंबईचं राहू दे, दोह्याचं घे. पंधरातले पाच हजार तिथेच वाचले. आता असं का, ते सांगते. म्हणजे यजमानांपुढे मांडताना तुमच्या हातात काहीतरी असेल.

लाउंज म्हणजे विमानतळातली एक वेगळी बैठक. बऱ्या खुर्च्या, चहा-कॉफी, मांडून ठेवलेलं जेवण, जवळच स्वच्छतागृह, फोन चार्ज करायची सोय आणि जरा कमी कलकलाट. ही कल्पना अमेरिकन एअरलाइन्सची. १९३९ साली न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर त्यांनी ‘ॲडमिरल्स क्लब’ काढला आणि तिथे सुरुवातीला कंपनी बोलावील त्यांनाच प्रवेश होता. आता पैसे भरील त्याला, किंवा खिशात योग्य ते कार्ड असेल त्याला दार उघडं असतं. त्यामुळे आपल्याकडे गर्दीच्या वेळी लाउंजच्या दारातच रांग लागलेली दिसते आणि आत गेल्यावर माणूस प्लेट हातात घेऊन खुर्ची शोधत फिरतो. तेव्हा ‘आरामात बसा’ या मुलीच्या शब्दांवर फार भिस्त ठेवू नका. तुम्हाला तिथे नक्की किती तास मिळणार आणि त्या तासांत तुमच्या शरीराला काय हवं असणार, एवढंच मोजायचं.

मुंबईचा हिशेब घड्याळ लावून करू. घाटात आणि पनवेलच्या पुढे काय वाढून ठेवलंय सांगता येत नाही, म्हणून तुम्ही दुपारी तीनच्या आत साताऱ्याहून निघणार. म्हणजे रात्री नऊच्या सुमाराला टर्मिनल दोनवर पोहोचाल. विमान चारचं. परदेशी विमानांचे काउंटर साधारण तीन, फार तर चार तास आधी उघडतात. तोपर्यंत बॅगा तुमच्याजवळ, बोर्डिंग पास नाही, इमिग्रेशन नाही. आणि परदेशी प्रवासाचं लाउंज असतं या सगळ्याच्या पलीकडे, सुरक्षा तपासणीही झाल्यावर. म्हणजे नऊ ते बारा-एक हे सगळ्यात कंटाळवाणे तास तुम्ही बाहेरच्या बाजूलाच बॅगांवर हात ठेवून काढणार. मुलीने भरलेले पाच हजार त्या तासांत तुमच्या काहीही कामाचे नाहीत.

एकला चेक-इन उरकलं, व्हीलचेअर असल्यामुळे पुढची कामंही भरभर झाली, तरी लाउंजच्या दारात पोहोचायला दोन वाजतात. तीनच्या सुमाराला विमानात बसवायला सुरुवात होते. उरला एक तास. तोही रात्री दोनचा! ज्यांना साखर आहे त्यांनी रात्री दोन वाजता इडली, पावभाजी आणि पेस्ट्री मांडलेल्या टेबलासमोर उभं राहायचं, आणि मग विमान वर गेलं की तिथलं जेवण पुढ्यात येणार. यजमान चिडलेत ते या भागापुरतं अगदी बरोबर आहे. त्यांना तसं सांगाच, म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल.

मुंबईत पैसे खर्च करायचेच असतील तर ते नऊ ते एकसाठी करा. पार्ल्याला, अंधेरीला, गेला बाजार ठाण्याला कोणी आतेबहीण-मामेभाऊ असेलच. आधी कळवून त्यांच्याकडे संध्याकाळी उतरा. साडेआठला गरम वरण-भात, वेळेवर गोळी, तासभर पाठ टेकायला पलंग, आणि साडेअकराला टॅक्सी. असं कोणी नसेल किंवा असूनही नको असेल (हेही असतंच), तर विमानतळाच्या आसपास तासांच्या हिशेबाने खोली देणारी हॉटेलं आहेत. चार तास आडवं होणं हे खुर्चीत बसून मिळणाऱ्या कुठल्याही बुफेपेक्षा मोलाचं, कारण पुढे सबंध दिवस विमानात आणि विमानतळावर जायचा आहे.

विमानतळावर पोहोचल्यावर दोन गोष्टी लक्षात असू द्या. मुंबईला प्रत्येक विमानाची घोषणा होत नाही, त्यामुळे ‘आपलं नाव पुकारतील’ म्हणून बसून राहू नका, पडद्यावर गेट बघत राहा. आणि तपासणी झाल्यावर वेळ उरला तर ‘जय हे’ बघा. टर्मिनल दोनच्या भिंतींवर देशभरातल्या कला-कारागिरीच्या हजारो वस्तू लावल्या आहेत. २०१४ साली टर्मिनल सुरू झालं तेव्हापासूनचं हे संग्रहालय आहे आणि त्याला वेगळं तिकीट नाही. लोक बॅगा ओढत समोरून निघून जातात, क्वचित कोणी थांबतं. तुम्हाला हौस आहे म्हणता, तर तुम्ही थांबा.

आता दोहा. इथे मात्र मी मुलीच्या बाजूची आहे.

आधी यजमानांचा मुद्दा मान्य करू. खुर्च्या फुकट असतात, आणि दोह्याच्या हमाद विमानतळावर तर बरंच काही फुकट आहे. बायकांना आणि पुरुषांना वेगवेगळ्या शांत खोल्या आहेत, तिथे टेकून झोपता येतं. २०२२ साली उघडलेला ‘द ऑर्चर्ड’ नावाचा भाग म्हणजे छताखालची मोठी बाग, खरी झाडं आणि मधे पाणी. दिव्याच्या टोपीखाली बसलेलं पिवळंधमक अवाढव्य अस्वल आहे, त्याच्यासमोर फोटो काढल्याशिवाय कोणी पुढे जात नाही. वाय-फाय फुकट. पस्तिशीतलं धडधाकट जोडपं विचारायला आलं असतं तर मी म्हटलं असतं, पैसे ठेवा खिशात, फिरा.

पण तुमचं विमान चारला निघून पावणेचार तासांत दोह्याला पोहोचेल, तेव्हा आपल्याकडे सकाळचे पावणेआठ वाजले असतील. दोह्याचं घड्याळ अडीच तास मागे, म्हणजे तिथे पहाटेचे सव्वापाच. पुढचं विमान तिथल्या दुपारी बाराच्या सुमाराला. म्हणजे यजमानांच्या अंगवळणी पडलेल्या वेळेनुसार न्याहारी आणि दुपारचं जेवण, दोन्ही या सात तासांत येतात. रात्रभराचं जागरण, सुजलेले गुडघे, दोन वेळच्या गोळ्या, आणि पुढे डॅलसपर्यंत सोळा तासांच्या आसपास विमानात बसणं. लाउंज ज्यासाठी असावं ती वेळ हीच.

आणखी एक कारण आहे, ते मुलीलाही बहुधा ठाऊक नसेल. व्हीलचेअरवाल्या प्रवाशांना मोठ्या विमानतळांवर बरेचदा विमानातून उतरवून एका ठरलेल्या जागी नेऊन बसवतात. तिथे ओळीने खुर्च्या, आजूबाजूला तुमच्यासारखेच लेकरांकडे निघालेले आईवडील, आणि पुढच्या विमानाच्या वेळेपर्यंत ‘वेट, वेट’. नेणारा माणूस चांगला असतो, पण त्याला वीस जणांकडे बघायचं असतं. खायला उठायचं, तर यजमानांना एकटं सोडून तुम्ही जायचं का? स्वच्छतागृह किती लांब? अशा बसण्यात सात तास जीव नकोसा होतो, आणि अडकता दोघंही. लाउंजचं बुकिंग हातात असेल तर उतरल्या-उतरल्या त्या माणसाला कागद दाखवून म्हणायचं, ‘लाउंज’. तो तिथे सोडेल. न्यायला किती वाजता येणार ते त्याच्याकडून कागदावर लिहून घ्या, लाउंजच्या काउंटरवरही सांगून ठेवा, आणि दोघांचे पासपोर्ट नि बोर्डिंग पास तुमच्या पर्समध्येच राहू द्या, त्याच्या हातात नकोत.

सातही तास लाउंजमध्ये मिळतील असं मात्र धरू नका. उतरणं, पुन्हा एकदा सुरक्षा तपासणी आणि तिथवर पोहोचणं यात पहिला तास जातो. शेवटचा दीड तास गेटचा ठेवा. अमेरिकेच्या विमानांना गेटजवळ पुन्हा कागदपत्रं आणि सामान तपासतात, शिवाय हा विमानतळ एवढा लांब आहे की आतल्या आत गाडी धावते. उरले साडेचार तास. दहा हजार भागिले दोन माणसं भागिले साडेचार, म्हणजे माणशी तासाला अकराशेच्या आसपास. मुंबईचं गणित याच रीतीने मांडलं तर माणशी तासाला अडीच हजार पडतात. यजमान हिशेबी आहेत, त्यांना हे आकडे दाखवा. दोह्यात दोन वेळचं खाणं-पिणं बाहेर विकत घेतलं असतं त्याचे पैसे यातून वजा करायचे, हेही सांगा.

पैसे भरण्याआधी मुलीला बुकिंगवरच्या अटी वाचायला लावा. जास्तीत जास्त किती वेळ बसता येतं, हे सगळ्यात महत्त्वाचं. बरीच लाउंजं तीन तासांनंतर जादा पैसे मागतात. तशी अट निघाली तर उतरल्यावर ऑर्चर्डमध्ये एखाद तास बसून मग आत जा. लाउंज तुमच्या गेटच्या बाजूला आहे की दुसऱ्या टोकाला, पडून राहता येईल अशा खुर्च्या आहेत का, शाकाहारी काय मिळतं, हेही आधी बघा. त्या भागात हमस, पाव, सॅलड, उकडलेली अंडी, फळं हे सहसा असतंच. मसुराचं सूपही छान असतं, पण तुम्ही शाकाहारी असाल तर ते कशात शिजवलंय ते विचारून घ्या.

आत गेल्यावर आपल्या माणसांना एक झपाटा येतो, ‘पैसे वसूल’चा. दहा हजार भरलेत तर चार गोड पदार्थ तरी खाल्ले पाहिजेत! यजमानांनी पैसे भरायला विरोध केला असला तरी हा झपाटा त्यांनाच आधी येईल, असा माझा अंदाज आहे. तिथे तुम्हाला जरा कडक व्हावं लागेल. आणि फळांच्या टोपलीतलं सफरचंद ‘विमानात खाऊ’ म्हणून पर्समध्ये टाकू नका. टाकलंत तर विमानातच संपवा. अमेरिकेत उतरताना सोबतचे खाद्यपदार्थ जाहीर करावे लागतात, ताजी फळं बाहेरून आणलेली चालत नाहीत आणि न सांगता सापडली तर दंड होऊ शकतो. तुमच्या दशम्या आणि चटणीचंही तेच, उरलं असेल ते फॉर्मवर किंवा विचारतील तिथे सांगून टाका. गोळ्या मात्र हातातल्या सामानात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. आणि कुठली गोळी कुठल्या घड्याळाने घ्यायची ते निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून लिहून आणा.

शेजाऱ्यांचा मुलगा खोटं बोलत नाही, पण तो देशातल्या देशातल्या प्रवासाबद्दल बोलतोय. रुपे आणि इतर काही कार्डांवर देशांतर्गत टर्मिनलच्या लाउंजमध्ये कार्ड ओळखण्यापुरते दोन रुपये कापून आत सोडतात. ही सोय ठरलेल्या लाउंजपुरती, तिमाहीत एकदा वगैरे, आणि ज्याचं कार्ड त्याच्याचपुरती असते. बरोबरच्या माणसाचे वेगळे पैसे. त्यात २०२४पासून बऱ्याच बँकांनी क्रेडिट कार्डांना मेख मारून ठेवली आहे : आधीच्या तिमाहीत कार्डावर ठरावीक खर्च झाला असेल तरच प्रवेश. आयसीआयसीआयने तेव्हा कित्येक कार्डांना ३५ हजारांची अट घातली, ॲक्सिसने ५० हजारांची. निवृत्त माणूस तीन महिन्यांत कार्डावर एवढं कशाला उडवील? आणि लाउंजसाठी कोणी खर्च वाढवायला लागला तर बँकेला हवं ते झालंच. तुमच्या बँकेत विचारून ठेवा, परदेशी टर्मिनलला आणि दोह्याला तुमचं कार्ड चालतं का. चालत असेल तर उत्तम, बहुधा नाही चालणार.

मुलीलाही एक विचारा : ती तुमच्या नावाने लाउंजचं स्वतंत्र बुकिंग विकत घेणार आहे, की स्वतःच्या कार्डावर तुम्हाला पाठवायचं तिच्या मनात आहे? अमेरिकेतल्या महागड्या क्रेडिट कार्डांबरोबर ‘प्रायॉरिटी पास’ मिळतो, म्हणजे अनेक देशांतल्या लाउंजमध्ये चालणारं सदस्यत्व, त्यावर पाहुण्यांनाही नेता येतं. पण पासवाला स्वतः तिथे हजर लागतो, त्या दिवसाचा बोर्डिंग पास घेऊन. डॅलसमध्ये बसून दोह्यातल्या आईवडिलांना तो वापरता येत नाही. वेगळं बुकिंग असेल तर त्याची छापील प्रत सोबत घ्या, फोनमध्ये आहे म्हणून विसंबू नका. आणि कोणी तुम्हाला वर्षाचं सदस्यत्व घ्यायला सांगत असेल तर नको म्हणा. प्रायॉरिटी पासच्या सगळ्यात साध्या प्रकाराला अमेरिकेत वर्षाला ९९ डॉलर पडतात, आणि वर प्रत्येक वेळी आत जायचे ३५ वेगळे. महिन्यातून दोनदा विमानात बसणाऱ्यांनी त्याहून वरच्या प्रकाराचा विचार करावा. वर्षातून एकदा लेकीकडे जाणाऱ्यांना यातला कुठलाच परवडत नाही.

राहिला मुलीच्या पैशांचा प्रश्न. लेकीच्या घरचं पाणीसुद्धा न पिणारी माणसं आपल्या दोन पिढ्या मागे होती, त्याचं थोडंसं यजमानांमध्ये उरलं असेल तर त्यात नवल नाही. त्यावर वाद घालू नका. दोह्याचे दहा हजार तुम्ही दोघांनी भरायचे ठरवा. तिकिटांना एवढे गेलेत त्यात ते जड नाहीत, आणि मुलीला म्हणा, बुकिंग तू कर, पैसे आल्यावर घे. ती घेणार नाही, हे तुम्हालाही माहीत आहे आणि त्यांनाही. पण निघताना त्यांचा शब्द राहील, सोळा तासांच्या प्रवासात ते बरं असतं. त्यांच्या साखरेच्या आणि गुडघ्यांच्या आडून तुमची हौस पुढे करू नका, एवढंच माझं मागणं. चौसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा परदेशी चालल्या आहात, आत काय असतं ते बघावंसं वाटणं हे कारण स्वतःच्या पायावर उभं राहतं. सरळ सांगा त्यांना, मला बघायचंय.

हे पत्र वाचून ‘आम्हीही पुण्याहून दिल्लीला जाताना घ्यावं का’ असं विचारणारी पत्रं येतील, त्यांना आत्ताच उत्तर देते : तासाभरासाठी नको. घरून पोळी-भाजी नेता येते. विमानतळावरच्या महागड्या चहाची तक्रार आता सरकारपर्यंत पोहोचली आहे. डिसेंबर २०२४ मध्ये कोलकात्याला ‘उडान यात्री कॅफे’ निघाला, तिथे चहा दहा रुपयांना ठेवला, नंतर चेन्नईसारख्या काही विमानतळांवरही तो सुरू झाला. आणि विमानाला उशीर झाला तर लाउंज शोधत फिरण्याआधी विमान कंपनीचा काउंटर गाठा. वेळेवर चेक-इन केलं असेल आणि अडीच तासांपर्यंतचा प्रवास असेल, तर दोन तासांच्या वर उशीर झाल्यास खाण्यापिण्याची सोय कंपनीने करायची, असा डीजीसीएचा, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याचा, नियम आहे. मागितल्याशिवाय ती बरेचदा मिळत नाही.

परतीचं बुकिंग आत्ता करू नका, ताई. विमानांच्या वेळा तोपर्यंत बदलतात आणि लाउंजचे पैसे बहुतेक ठिकाणी परत मिळत नाहीत. डॅलसला मुलगी दारात सोडायला येईल, तिथे गरज पडायची नाही. परतताना दोह्याचा थांबा तीन तासांच्या आत असेल तर तिथेही नको; चारच्या वर असेल तर आठवडाभर आधी तिच्याकडूनच करून घ्या, तोवर जातानाचा अनुभव पाठीशी असेल आणि यजमानांचं मतही कळलेलं असेल.